पार, पाणवठा, पाऊलवाट: गावाची सामाईक जागा नव्यानं उभी करताना

आमच्या गावात मारुतीच्या देवळासमोर एक जुना वड आहे. काही वर्षांपूर्वी सुशोभीकरणाचा निधी आला आणि ठेकेदारानं त्याच्या पारावर थेट खोडापर्यंत काँक्रीट ओतलं, वर गुळगुळीत फरशी बसवली. उद्घाटनाच्या दिवशी सगळं गाव खूश होतं. तिसऱ्या उन्हाळ्यात वडाचा शेंडा वाळायला लागला. चौथ्या वर्षी पूर्वेकडची मोठी फांदी पालवलीच नाही, तेव्हा आम्ही सात-आठ जणांनी पहार आणि घण घेऊन ती फरशी फोडली. जुलै होता, वर पावसाची भुरभुर चालू होती, आणि फरशीखालच्या मातीत हात घातला तर बोटांना पिठासारखी कोरडी धूळ लागली.

तिथून पुढं जे काम सुरू झालं, त्यातून शिकलेलं इथं सांगतो आहे. आमची जागा साधारण २० गुंठ्यांची: देवळाचं आवार, मागचा ओढा, एक बुजत चाललेली बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, आणि मुरमाड उतार. पाऊस वर्षाला ५५० मिलिमीटरच्या आसपास. तुमची जागा गावठाणातली असेल, शहरातल्या सोसायटीची असेल किंवा कोकणातल्या एखाद्या वाडीची. आकडे बदलतील, क्रम हाच ठेवा. एक गोष्ट आम्हाला पुन्हा पुन्हा दिसली. जिथं लोकांचा रोजचा किंवा सणावाराचा राबता असतो, तिथलं झाड राखलं जातं. ज्या झाडाशी कुणाचं काही काम नाही, ते पुढच्या उन्हाळ्यात जातं. म्हणून शोभेच्या आधी वापराचा विचार करायचा.

पहिला टप्पा: एक पावसाळा नुसतं बघा

आराखडा काढायची घाई करू नका. मोठी सर आली की छत्री घेऊन जागेवर जा. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, कुठं माती वाहून नेतं, ते बघा आणि पाऊस उघडला की लगेच त्या ओळीवर खुंट्या ठोका. दुसऱ्या दिवशी ती ओळ आठवणार नाही. उन्हाळ्यात सकाळी अकरा आणि दुपारी चार या वेळांना सावली कुठं पडते, तिथं फक्की टाका. म्हातारी माणसं कुठं टेकतात, पोरं शाळेत कुठून तिरपी जातात, गुरं कुठं पाण्याला थांबतात, हे टिपा. लोकांच्या पायांनी पडलेली वाट ही सगळ्यात खरी वाट असते. तिच्या आड कुंपण घातलं तर आठवड्यात कुंपण वाकतं.

मग गावाला नकाशा काढायला सांगा. मोकळ्या जागेत सारवून त्यावर रांगोळीनं, खड्यांनी, पानांनी. बायकांची बैठक वेगळी घ्या. आमच्याकडं पुरुषांच्या नकाशात देऊळ, चावडी, कट्टा आणि रस्ता होता. बायकांच्या नकाशात पाण्याचा नळ, धुण्याचा दगड, संध्याकाळी अंधारात जायला नको वाटणारा ओढ्याचा कोपरा आणि वटपौर्णिमेला उभं राहायलाही जागा नसलेला पार होता. दोन्ही नकाशे खरे होते. पण दुसरा नकाशा झाला नसता तर आम्ही कट्टाच आणखी मोठा केला असता.

जुन्या माणसांकडून जागांची नावंही गोळा करा. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव, पळसगाव, आंबेगाव, जांभूळवाडी, चिंचवड: आपल्या गावांच्या नावांतच तिथल्या मातीत काय वाढतं ते लिहिलेलं आहे. शेतांना आणि माळांनाही अशी नावं असतात. नावात असलेलं झाड गावात उरलं आहे का, हे बघा. उरलं नसेल तर लागवडीच्या यादीत ते पहिलं लिहा.

दुसरा टप्पा: कागद

हा भाग थोडक्यात, पण टाळू नका. सातबारा काढून जागा कुणाच्या नावावर आहे ते पाहा: गावठाण, गायरान, देवस्थान की ओढ्याचं पात्र. हद्दीबद्दल कुरबूर असेल तर भूमी अभिलेखाकडून मोजणी करून घ्या. कामाचा ठराव ग्रामसभेत मांडा आणि देखभाल कोण करणार हे त्याच ठरावात लिहा. शहरात झाड तोडायचं किंवा हलवायचं असेल तर १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याखाली परवानगी लागते. जवळ केंद्र संरक्षित स्मारक असेल तर १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. गावाची लोक जैवविविधता नोंदवही झाली असेल तर ती मागून घ्या. गावच्या झाडाझुडपांची यादी तिच्यात सापडू शकते.

तिसरा टप्पा: पाण्याचा हिशेब

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. एवढं एकच सूत्र पुरे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे आमच्या २० गुंठ्यांवर वर्षाला सुमारे ११ लाख लिटर पाणी पडतं, १० हजार लिटरचे ११० टँकर. गाव मार्चपासून टँकरची वाट बघतं आणि हे पाणी दोन तासांत ओढ्यानं निघून जातं. देवळाच्या सभामंडपाचा पत्रा १५० चौरस मीटरचा आहे. गळती आणि उडालेलं पाणी वजा करून ८० टक्के धरलं तरी त्यावरून ६६ हजार लिटर मिळतात. हा आकडा लक्षात ठेवा, तो लागवडीच्या वेळी परत लागणार आहे.

उतारावर पाणी अडवायचं तर समपातळीची ओळ सापडली पाहिजे. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. सहा-सात फुटी दोन सरळ काठ्या वरच्या टोकाला घट्ट बांधा, खाली पाय फाकवा, मध्ये आडवी काठी बांधा आणि वरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडा. चौकट उभी करून दोरी आडव्या काठीवर कुठं येते तिथं खूण करा. मग दोन्ही पायांची जागा अदलाबदल करून पुन्हा खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. आता एक पाय खुंटीशी ठेवायचा आणि दुसरा वर-खाली सरकवत दोरी मध्यावर आली की तिथं दुसरी खुंटी ठोकायची. आमच्याकडं आठवीच्या मुलींनी एका दुपारी सगळा उतार असा आखला, आणि ओळ डोळ्यांना वाटत होती त्यापेक्षा कितीतरी वेगळी निघाली.

त्या ओळीवर दोन फूट रुंद, एक फूट खोल चर खणा. माती उताराच्या खालच्या बाजूला टाका आणि त्या भरावावर गवत धरू द्या. चर भरून वाहिला तर पाणी कुठून जाणार, तो सांडवा दगड लावून आधीच करून ठेवा. घराच्या किंवा देवळाच्या पायाला लागून चर खणू नका.

शोषखड्डा करण्यापूर्वी माती तपासा. फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दोन-तीन तासांत गेलं तर मुरूम आहे, तिथं शोषखड्डा चालतो. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर काळी माती आहे. तिथं पाणी जिरवायच्या भानगडीत पडू नका, ते चरीनं ओढ्याकडं किंवा साठवणीकडं न्या. काळी माती ओलीनं फुगते आणि उन्हानं फाटते, म्हणून तिच्यावर पार किंवा भिंत घालायची तर आधी ती काढून मुरूम ठोकून भरा.

बारव असेल तर तुमचं नशीब मोठं. साताऱ्याजवळ लिंब गावची बारामोटेची विहीर बघून या. अठराव्या शतकातल्या त्या बांधकामात पाणी, सावली, पायऱ्या आणि बसायची जागा यांचा एकत्र विचार केलेला दिसतो. आपल्या साध्या बारवेलाही तोच मान द्या. गाळ हातानं काढा, दगड हलला तर त्याच जागी बसवा, सांध्यांमध्ये उगवलेली पिंपळाची आणि उंबराची रोपं कोवळी असतानाच काढा. आतून सिमेंटचा गिलावा मात्र करू नका. झरे त्या सांध्यांतूनच येतात.

चौथा टप्पा: कोणती झाडं?

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या. रोपवाटिकेत फुकट मिळतात म्हणून गुलमोहर, सुबाभूळ, निलगिरी, कोनोकार्पस आणू नका. गुलमोहर मूळचा मादागास्करचा आहे आणि त्याच्या ठिसूळ फांद्या वादळात मोडतात. पण जो गुलमोहर आज उभा आहे आणि ज्याच्या सावलीत लोक बसतात, तो तोडू नका. त्याच्या शेजारी करंज लावा आणि करंज मोठा होईपर्यंत थांबा.

यादी करताना आम्ही गावाची दिनदर्शिका समोर ठेवली. वटपौर्णिमेला दारात फांद्या विकत घेऊन पूजा होत होती, म्हणजे वड होता पण त्याच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. पाराभोवती प्रदक्षिणेला मोकळी वाट केली आणि फांद्या आणणं आपोआप थांबलं. दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाच्या फांद्या ओरबाडल्या जातात. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद असतं. कांचनाचं मोठं आणि पातळ. मुरमाड उतारावर सहा आपटे लावले. एका झाडाची चार-चार पानं घेतली तर झाडाला कळणारही नाही. शेजारी शमी. गणपतीच्या पत्रीसाठी बेल, आघाडा, दूर्वा, रुई, डोरली, कण्हेर, डाळिंब, मरवा, जाई असा एक वाफाच केला. त्यातल्या आघाडा, रुई, डोरलीला कुणी लावत नाही, उलट तण म्हणून उपटतात. त्या वाफ्याची राखण शाळेतली मुलं करतात, कारण भाद्रपदात पत्री काढायला तीच येतात. बोराचं झाड संक्रांतीच्या सुगडासाठी, पळस रंगपंचमीच्या रंगासाठी. विदर्भात पोळ्याला पळसाच्या फांद्या दाराशी ठेवतात. तिकडं पळस आणखी हवा.

मग जागा बघून झाड ठरवा. ओढ्याच्या काठाला उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन, वाळुंज आणि माती धरून ठेवायला निर्गुंडी आणि वाळा. कोरड्या मुरमाला हिवर, खैर, आपटा, मेढशिंगी, सीताफळ, धायटी. बसायच्या जागी कडुनिंब, करंज, चिंच. फुलांचा क्रमही जमवा: फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, काटेसावर, पांगारा, एप्रिल-मेमध्ये बहावा. ताम्हण हे राज्याचं फूल, सगळ्यांना हवं असतं, पण त्याला ओल लागते. आमच्यासारख्या कोरड्या भागात ते पाण्याच्या काठालाच लावा.

वड, पिंपळ, उंबर ही घरांपासून, बारवेपासून आणि जुन्या भिंतींपासून लांब, दुसऱ्या मोठ्या झाडापासून ४० ते ५० फुटांवर. आजच्या रोपाकडं बघून हे अंतर फार वाटतं. तरी पाळा.

माळाबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. गावाला गवताळ माळ असेल तर त्याला पडीक म्हणून झाडांनी भरू नका. पवन्या, मारवेल, डोंगरी गवताचा माळ ही स्वतःच पूर्ण झालेली गोष्ट आहे. त्यावर धनगरांची मेंढरं जगतात, चंडोल घरटी करतात, लांडगा-खोकड फिरतात. तिथं खड्डे खणून रोपं लावली की गवतही जातं आणि झाडंही जगत नाहीत.

आणि देवराई, म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान, असेल तर तिथं लागवडच नको. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा या राईत किती जुनं जंगल शिल्लक आहे ते जगापुढं आलं. देवाचं भय आणि माया या दोन्हींनी ते राखलं होतं. पडलेलं लाकूडसुद्धा उचलायचं नाही हा अनेक ठिकाणचा नियम. आता जीर्णोद्धाराच्या नावाखाली राई साफ होते, वेली तोडल्या जातात, फरशी येते. राईत करायचं एवढंच: वणव्याला आणि चराईला अडवा, कचरा उचला, पाचोळा राहू द्या. वाढवायचीच असेल तर बाहेरच्या कडेनं २०-३० फुटांचा पट्टा सोडा आणि राईतल्याच झाडांचं बी त्यात पडू द्या.

पाचवा टप्पा: पार, वाटा, दगड

पाराची उंची दीड फूट ठेवा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला बसताना-उठताना त्रास होत नाही. बसायची कड दोन फूट रुंद. दगड जवळचा घ्या: देशावर काळा पाषाण, कोकणात आणि गोव्यात जांभा. बांधणी कोरडी, सिमेंटविना. मोठे दगड तळाला, प्रत्येक थर किंचित आत झुकलेला, आणि वरच्या दगडानं खालचा सांधा झाकायचा. हे काम येणारे वडार, पाथरवट अजून आसपास आहेत, त्यांनाच बोलवा आणि मजुरी नीट द्या. पारात माती भरताना खोडावर चढवू नका. मुळं जिथं खोडाला मिळतात तो फुगवटा उघडा दिसला पाहिजे, नाहीतर साल कुजते. आमच्या वडाभोवती आता १५ फूट व्यासाची उघडी माती आहे.

वाटांना चार-पाच इंच मुरूम ठोकून, एका बाजूला किंचित उतार देऊन घ्या. पेव्हर ब्लॉक दुपारी तापतात आणि अनवाणी प्रदक्षिणा घालणाऱ्यांचे पाय भाजतात. एका बाजूनं पायरीऐवजी उतरण करा, एक फूट उंचीला १२ फूट लांबी. वाटेकडेची झुडपं कमरेच्या वर जाऊ देऊ नका, म्हणजे संध्याकाळी पलीकडचं दिसतं. दिवे कमी आणि खाली तोंड केलेले.

वीरगळ किंवा सतीशिळा, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या किंवा सती गेलेल्या बाईच्या स्मरणाचा जुना कोरीव दगड, सापडली तर ऑइल पेंट फासू नका, सिमेंटमध्ये गाडू नका. उभी करून दगडी बैठकीवर टेकवा, वर झाडाची सावली असू द्या.

सहावा टप्पा: लागवड

खड्डे एप्रिल-मेमध्येच खणा, दोन फूट लांब, रुंद, खोल, आणि तापू द्या. रोपं मात्र ५ जूनला, पर्यावरण दिनाला, लावू नका. त्या दिवशी फोटो निघतात, पण आमच्या भागात पाऊस तेव्हा लागलेला नसतो. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन फूटभर ओली झाली की मगच लावा. रोप तीन ते पाच फुटी घ्या. पिशवी कापल्यावर मुळं गोल गोल वळलेली दिसली तर ती वळणं कात्रीनं कापा, नाहीतर झाड काही वर्षांनी स्वतःच्याच मुळांनी आवळलं जातं. त्याच खड्ड्याची माती, एक टोपलं कुजलेलं शेणखत, काठीचा आधार, आणि वर तीन-चार इंच पाचोळा. पाचोळा खोडापासून चार बोटं लांब.

किती झाडं लावायची हे पाण्यावरून ठरवा. आम्ही ६० लावली. पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येकाला दर पाच दिवसांनी १२ लिटर, म्हणजे महिन्याला ४,३२० लिटर आणि फेब्रुवारी ते मे मिळून सुमारे १७ हजार लिटर. सभामंडपाच्या पत्र्याचं पाणी २० हजार लिटरच्या टाकीत भरून ठेवलं, तेवढ्यावर भागलं. ५०० लावली असती तर त्याच टाकीत एकही नीट जगलं नसतं. दूरच्या झाडांना मडक्याचं ठिबक करा: बुडाला बारीक भोक, त्यात सुती चिंधीची वात, आणि मडकं रोपापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं, तोंडावर झाकण. दुसऱ्या उन्हाळ्यात दर दहा दिवसांनी २५ लिटर. तिसऱ्यात महिन्यातून दोनदा. मग बंद.

सातवा टप्पा: राखण

धुळे भागात पांझरा नदीवर फड पद्धत होती, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वापरायची रीत. बंधारा सगळ्यांचा, पण पाणी वाटायला नेमलेला पाटकरी एक आणि त्याचा मोबदला ठरलेला. पूर्व विदर्भात गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं तलाव बांधले आणि सांभाळले. मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची पद्धत, संपून ते तलाव सरकारकडं गेले, राखण सुटली आणि गाळ साठत गेला. आपल्या २० गुंठ्यांनाही माणूस नेमा आणि त्याला पैसे द्या. आम्ही यात्रेच्या वर्गणीतला एक हिस्सा त्यासाठी बाजूला काढतो, आणि तो यात्रेच्याच हिशेबात वाचून दाखवला जातो.

शेळ्यावाल्यांना बैठकीला बोलवा. हिवरे बाजारमध्ये चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी सगळ्या गावानं मिळून पाळली, म्हणून ती टिकली. आमच्याकडं चराई बंद केली, पण विळ्यानं गवत कापून न्यायचा पहिला हक्क शेळ्या असलेल्या घरांना दिला आणि पाणवठ्याची त्यांची वाट मोकळी ठेवली. तेव्हापासून कुंपणाची डागडुजी तेच करतात.

वडाची ती पूर्वेची फांदी गेली, ती कापावी लागली. पण फरशी फोडल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात शेंड्याला तांबूस पालवी आली. त्यानंतर दोन पारंब्या खाली येताना दिसल्या. त्या जमिनीपर्यंत पोचाव्यात म्हणून पेरं फोडून पोकळ केलेले बांबू उभे केले, त्यात माती आणि शेणखत भरलं, पारंबीचं टोक वरून आत सोडलं आणि उन्हाळाभर रोज तांब्याभर पाणी घातलं. त्यातली एक मातीला लागली आहे. दुसरी अजून हातभर वर आहे.